मानेमुळे चक्कर: एक्स-रेवर जाऊ नकोस

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मान आखडली की चालताना तोल जातो आणि एक्स-रे पाहून 'मणके झिजलेत, म्हणून चक्कर' असं तुला सांगितलंय. एवढ्यावर समाधान मानू नकोस. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, चक्कर कधीच न आलेल्यांच्याही. झीज दिसली म्हणजे कारण सापडलं असं नाही.

मानेमुळे चक्कर येते हे मात्र खरं. तोल सांभाळायला मेंदू आतल्या कानाकडून, डोळ्यांकडून आणि स्नायू-सांध्यांकडून माहिती घेतो. डोकं हललं एवढंच कानाला कळतं. नुसतं डोकं वळलं की सगळं शरीर वळलं, हे मानेकडून कळतं. कवटीच्या खाली, वरच्या दोन मणक्यांपाशी जे छोटे खोल स्नायू आहेत, त्यांत ताण ओळखणारे संवेदक फार दाटीने असतात. ते स्नायू आखडले, दुखावले किंवा गाडीच्या धडकेत मानेला झटका बसला की त्यांचा संदेश बिघडतो, कानाशी आणि डोळ्यांशी जुळत नाही. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या मानेत भूल देणारं इंजेक्शन दिलं, तर त्यांची चाल डगमगू लागली. कान शाबूत होते, बधिर झाली होती ती मान. 'मान वळवली की मेंदूकडे जाणारी शीर दबते' हे लोक सर्रास सांगतात. तसं घडतं, पण क्वचित.

अशा चक्करेत खोली गरगर फिरत नाही. डोकं हलकं, पाऊल अधांतरी, बोटीत उभं राहिल्यासारखं वाटतं. मानेच्या दुखण्यासोबत ती वाढते, दुखणं उतरलं की उतरते, आणि काही मिनिटांपासून काही तास टिकते. मानदुखी अजिबात नसेल, तर मानेला दोष देऊ नये.

हे निदान पक्कं करणारी एकही तपासणी नाही. बाकीची कारणं बाद करतच तिथे पोचावं लागतं. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर बघताना एक मिनिटाच्या आत संपणारी जोरदार गरगर असेल, तर ती बहुधा आतल्या कानातले कण सरकल्यामुळे असते. डॉक्टर तुला पटकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतील आणि डोक्याच्या ठरावीक हालचालींनी ते कण जागेवर आणतील. कमी ऐकू येणं आणि कानात आवाज असेल तर कानाचा विकार शोधावा. उठून उभं राहताच अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण तिथे आहे. अर्धशिशीची आणि चालू गोळ्यांचीही चौकशी व्हायला हवी. आणखी एक घोळ नेहमी होतो: चक्कर कानाची असते, तिच्या भीतीने माणूस मान ताठ धरून वावरतो, मग मानही दुखू लागते आणि सगळं खापर मानेवर फुटतं.

दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा किंवा हातपाय बधिर वा लुळे पडणं, चालताच न येणं, अचानक उठलेली आणि आधी कधी नव्हती अशी मानदुखी किंवा डोकेदुखी: यांपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी इस्पितळ गाठ. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळू लागली, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तेही लांबवू नकोस.

हे सगळं निस्तरल्यावर मानच उरली, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. ते हाताने ताठर सांधे मोकळे करतील. झटक्याने मान मोडू मात्र कुणालाही देऊ नकोस. डोक्यावर भिंतीवर ठिपका पाडणारा छोटा लेझर दिवा लावून ते तुला भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर बसवतील. डोळे मिटून मान वळवायची आणि अंदाजाने मध्यावर आणायची. ठिपका मध्यापासून साधारण ७ सेंटिमीटरपेक्षा जास्त हुकत असेल, तर मानेची जाण बिघडली आहे. हीच चाचणी पुढे व्यायाम होते: हुकलं की डोळे उघडून दुरुस्त करायचं, पुन्हा मिटून करायचं.

बाकीचे व्यायाम त्यांनी दाखवल्यावर घरी करता येतील. पाठीवर झोप, डोक्याखाली पातळ टॉवेलची घडी. डोकं न उचलता 'हो' म्हणताना हलते तेवढीच हनुवटी खाली आण, १० सेकंद धर, १० वेळा कर. गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू ताठ उभे राहिले तर जोर जास्त लागतोय. खोल स्नायूंऐवजी तेच काम करताहेत. मग बसून समोरच्या भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर रोखून डोकं सावकाश डावी-उजवीकडे, ३० सेकंद. अक्षर पुसट होऊ लागलं तर वेग उतरव. जमलं की उभ्याने. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात, पुढे खुर्ची ठेवून, एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून ३० सेकंद उभं राहा. डोळे मिटण्याची घाई नको.

किंचित चक्कर येऊन चार-पाच मिनिटांत विरली तर चालेल. तासभर रेंगाळली तर दुसऱ्या दिवशी निम्मंच कर. मान गोल गोल फिरवणं बंद. आखडलेल्या मानेला त्याने आणखी चीड येते. कॉलर काढून ठेव, कारण आठवडेच्या आठवडे लावली की स्नायू दुबळे होतात आणि मेंदूला मानेची खबर आणखी कमी मिळते. चक्करेच्या गोळ्यांचंही तेच: सुरुवातीचे थोडे दिवस ठीक, पण कानाच्या संवेदना दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूला नव्याने जुळवून घेणं जड जातं. डॉक्टरांना विचारूनच कमी कर.

त्यांच्याकडे जाण्याआधी आठवडाभर लिहून ठेव: कोणत्या हालचालीने चक्कर आली, सेकंद टिकली की मिनिटं की तास, त्याच वेळी मान दुखत होती का, कानात काही जाणवलं का. तीच टिपणं मलाही पाठव.

तुझा,
माधव