बाळाचं नाव धोंडो ठेवलंय

पुणे, १५ सप्टेंबर २०२३

तीर्थस्वरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नाव सांगितलं आणि बाबा, तुम्ही एक अक्षर न बोलता फोन आईकडे दिलात. आई म्हणाली, "बरं, बघू." आपल्या घरातल्या "बघू"चा अर्थ मला लहानपणापासून कळतो. म्हणून हे लिहून ताईबरोबर पाठवतोय. गणपतीच्या गडबडीत वाचायला जमलं नाही तर मागाहून वाचा, पण दोघं एकत्र बसून वाचा.

आधी बाळाचं सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. वजन अडीच किलोच्या वर गेलंय. बोंडल्याची गरज उरली नाही, आता अंगावर पितो. कान आणि डोळे दोन्ही तपासून झाले, डॉक्टर खूश आहेत. हिचे टाकेही भरून आले. आई, तू पाठवलेले अळीवाचे लाडू ती न चुकता खाते, डिंकाचे संपत आलेत.

आता नावाचं. नाव महापालिकेत नोंदवून झालंय, दाखलाही हातात आला. जन्म २१ दिवसांत नोंदवावा लागतो, नाव मात्र वर्षभरात कधीही फी न भरता घालता येतं. तेव्हा "मग एवढी घाई कसली होती, आम्हाला विचारायचं तरी" असं तुम्हाला वाटणार, आणि ते वाटणं बरोबर आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि तुम्ही नको म्हटल्यावर मी ते ठेवू शकलो नसतो. मला ते ठेवायचंच होतं.

का, ते सांगतो. त्या काचेच्या पेटीवरच्या चिठ्ठीवर त्याचं नाव नव्हतं. पायातल्या पट्टीवरही "बेबी ऑफ" आणि पुढे हिचं नाव. आधीच्या दोन्ही वेळी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून या वेळी आम्ही दोघांनी नावाचा विषयच काढला नव्हता. हिच्या माहेरी रेयांश ठरत होतं, तेही कुणी आमच्यासमोर बोलत नव्हतं. इतक्या लवकर जन्मलेली मुलं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. मशीन वाजायला लागलं की सिस्टर येऊन तळपायाला हलकेच टिचकी मारायच्या, की तो दचकून पुन्हा श्वास घ्यायचा. थोडा सावरल्यावर त्यांनी मला कांगारू केअर शिकवली. शर्टाची बटणं काढून बसायचं, बाळाला टोपी-लंगोटात उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापड गुंडाळायचं. बाबा, त्याची पाठ माझ्या तळहातात मावत होती. तसा बसलेलो असताना मशीन वाजलं. सिस्टर पलीकडच्या बाळाकडे होत्या. मी त्याच्या तळव्याला बोट लावलं आणि तोंडातून निघून गेलं, "धोंडू, श्वास घे रे." त्यानं घेतला. टिचकीमुळे घेतला हे मला कळतं, पण त्या दिवसापासून आम्हा दोघांसाठी तो धोंडूच झाला. सिस्टरही तसंच हाक मारायला लागल्या.

तो अधिक श्रावणातला आहे, आई. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक महिना होता. फोनवर पहिल्यांदा तूच म्हणालीस, "धोंड्याच्या महिन्यातलं पोर आहे, तग धरेल." म्हणजे निम्मं नाव तूच ठेवलंस.

आणि आजोबा. पणजीनं त्यांच्यासाठी काय काय केलं ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तेव्हा घरोघरी तेच चालायचं. आधीची मुलं गेली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू, केरू ठेवायचं. नाक टोचून नथू म्हणायचं. सटवाईची, दृष्टीची, मरणाची नजर त्याच्यावर ठरू नये, एवढ्यासाठी. पोराला कमी लेखायला कोण आई असं नाव ठेवील? ज्याला गमावायची भीती सगळ्यात जास्त, त्यालाच ते नाव मिळायचं. काचेबाहेर बसून राहिल्यावर पणजी मला पहिल्यांदा कळली. आजोबा त्या नावानं ८१ वर्षं जगले.

बाबा, आता लिहितोय ते टोचलं तर मला रागवा, पण वाचा. दारावरच्या पाटीवर तुम्ही "आर. डी." लिहिलंत. तालुक्याच्या शाळेत ते गुरुजी काय म्हणाले होते आणि वर्ग कसा हसला होता, हे आईनं मला फार उशिरा सांगितलं. त्या वयाच्या मुलाला ते किती लागलं असेल, याची कल्पना मला आता येते. पण मी तुमच्याच वर्गात बसलोय. एप्रिलमध्ये परीक्षा तोंडावर आलेली असतानाही १८ तारखेला तुम्ही फळ्यावर तुमच्या त्या सुंदर अक्षरात "महर्षी धोंडो केशव कर्वे" लिहायचात. मग सांगायचात की हे आपल्या मुरूडचे. परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. पुढे त्यांनी हिंगण्याचा आश्रम उभा केला, १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ साली भारतरत्न मिळालं, आणि हयात असताना टपाल तिकिटावर आले. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. धोंडो हे नाव मी पहिल्यांदा अभिमानानं ऐकलं ते तुमच्याच तोंडून. माझ्या मनात त्या नावाला दुसरा कुठला रंगच नाही.

आई, शाळेत चिडवतील म्हणालीस. चिडवतीलही. मला दातांवरून चिडवलं, ताईला उंचीवरून. आज वर्गात आरव आणि विहान ढिगानं असतात, धोंडो एकटाच असेल. पहिल्या दिवशी हसतील, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात राहील. आणि त्याला कोणी विचारलंच तर सांगायला त्याच्याकडे पणजोबांची गोष्ट असेल. ती तुम्ही त्याला सांगायची आहे, माझ्याच्यानं ती नीट सांगून होत नाही. मोठेपणी त्याला नकोच वाटलं तर राजपत्रातून बदलता येतं. मी अडवणार नाही, हे तुम्हाला लिहून देतो.

पत्रिकेचं अक्षर जुळत नाही हे मला माहीत आहे. नावरस नाव तुम्ही काढा, बाबा. तुम्हाला योग्य वाटेल ते ठेवू, पाळण्यात तेही घेऊ.

बारसं रविवारी, ५ नोव्हेंबरला धरलंय. डॉक्टरांनी गर्दी उशिरा करा म्हणून सांगितलं होतं, मधे पितृपक्ष, कोजागिरीला ग्रहण, ते सगळं टाळून हा दिवस काढला. कुर्र ताईच करणार. पण ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव तुम्ही लिहायचं, बाबा. मला तुमचं अक्षर हवंय.

बारशानंतर लगेच परत जायचं नाव काढू नका, दिवाळी इथेच करा. मागची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय, तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. कमोड आहे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली आणि फरशीवर जाळीची चटई टाकली. उकडे तांदूळ आणून ठेवलेत, सकाळची पेज चुकणार नाही. पेपर सहाला येतो. पलंग उंच आहे, आईला उठताना गुडघ्यावर जोर द्यावा लागणार नाही.

या वर्षी गणपतीला मी नाही, हे मला फार लागतंय. आरतीच्या वेळी ओटीवर तुमच्या मागे उभं राहून झांजा वाजवायला मी अजून आठ वर्षांचाच आहे. माझ्या वाटणीचा मोदक देवापुढे ठेवा.

आणि आता ऐका. माटवी बांधायला शिडीवर चढायचं नाही, बाबा. शेजारच्या मुलांना मी फोन केलाय, ते येतील. इन्सुलिनची वेळ आरतीसाठी पुढे ढकलायची नाही. रात्री पायांचे तळवे आरशात बघायचे, आईला दाखवायचे. आई, मोदक वळायला खाली बसू नकोस, टेबल ओढून घे, आणि एकवीसच कर, गावजेवण घालायचं नाहीये. बीपीची गोळी उपासालाही चालते. फ्लूची लस दोघांनीही दापोलीला जाऊन ऑक्टोबरच्या आत घ्या, बाळासाठी ती लागेल. येताना एसटीनं यायचं नाही, मी गाडी पाठवतो, ताम्हिणीतून दिवसाउजेडी निघा. कुणाला साधा खोकला असला तरी मला आधी सांगा, लपवू नका.

आजोबांचा तो ट्रंकेतला फोटो ताईबरोबर पाठवा. कागदात नीट गुंडाळून, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून. काच इथे लावून घेतो.

तुमचा
बाळू