पाचशे ठिकाणी नाव कशाला?

पुणे,
होळीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, त्या वेबसाइटवाल्या माणसाला अजून पैसे दिले नसतील तर देऊ नका. फोनवर हा विषय काढला की तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहून पाठवते आहे. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा. आईलाही वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं तिच्याबद्दलच आहे.

तो म्हणतो, पाचशे डिरेक्टऱ्यांमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या वेबसाइटांच्या याद्यांमध्ये, आपली वेबसाइट नोंदवून देतो आणि महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर. तुम्हाला वाटतं एकदाचे पैसे टाकले की काम व्हई जाई. त्याची यादी तुम्ही मला पाठवली होती, त्यातली वरची काही पानं उघडून पाहिली. एकावर अमेरिकेतल्या प्लंबरांची नावं, दुसऱ्यावर जुगाराच्या जाहिराती, तिसरं उघडेचना. सुरतेत लिंबायतला राहणारी आपल्याकडची बाई आपले बिबडे-पापड शोधायला यातल्या कुठल्या पानावर जाणार आहे?

तो अगदीच हवेतलं बोलतो असंही नाही. एके काळी अशा याद्यांना खरंच मान होता. याहूची यादी १९९४ ची. तिथे माणसं बसून एकेक वेबसाइट बघायची आणि विषयवार लावायची. डीमॉझ नावाची दुसरी यादी १९९८ पासून स्वयंसेवक चालवत होते. याहूची २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ २०१७ मध्ये. दरम्यान लोकांच्या लक्षात आलं की जितक्या ठिकाणी आपल्या वेबसाइटची लिंक, तितकं गुगल आपल्याला मोठं समजतं. मग लिंका विकत मिळायला लागल्या, सभेला टेम्पो भरून माणसं आणतात तशा. गुगलच्या ते ध्यानात आलं, आणि एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी 'पेंग्विन' नावाचा बदल करून असली भाड्याची गर्दी जमवणाऱ्या वेबसाइट खाली ढकलल्या. हा माणूस तुम्हाला अजून तोच टेम्पो भाड्याने देतोय.

आपल्याला मोजक्याच जागा पुरतील. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गुगलच्या नकाशावरची नोंद. मग जस्टडायल, आणि जमलं तर बिंग आणि ॲपलचा नकाशा. चारही ठिकाणी साधी नोंद फुकट होते. नुसती वेबसाइट गुगलच्या नजरेस आणून द्यायला सर्च कन्सोल म्हणून त्यांचंच फुकटचं साधन आहे, ते मी इथून करते.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्हा दोघांनीच सोडवायची आहे. आपल्या धंद्याचं नाव नेमकं काय? दुकानाच्या पाटीवर बाबांचं आडनाव आणि पुढे 'पापड सेंटर'. पिशवीवरच्या लेबलावर आईचं नाव आणि 'गृहउद्योग'. सरकारी उद्यम नोंदणीच्या सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी, ज्याने फॉर्म भरला त्याच्या मनाला आलं ते. पाटीवर अजून तो लँडलाइन नंबर आहे, जो बंद पडून जमाना झाला. लेबलावर बाबांचा मोबाइल, आणि लोकांना खरा पाठ आहे तो आईचा. पत्त्यातही कुठे गल्लीचं नाव, तर कुठे नुसतं 'मंगळग्रह मंदिराकडे जाताना'.

गल्लीतल्या माणसाला कळतं की हे सगळं एकच घर आहे. मशीनला कळत नाही. ते नाव, पत्ता आणि फोन ताडून बघतं, आणि न जुळल्यास एका दुकानाची दोन दुकानं करून ठेवतं. मग एका नावाखाली चार लोकांचं कौतुक, दुसऱ्या नावाखाली बंद नंबर. आणि गिऱ्हाईक नेमकं बंद नंबरच लावतं.

माझं मत विचाराल तर नाव आईचं असावं. बाबा, रागावू नका. हिशोब, माल आणणं, सुरतेच्या गाडीला पार्सल चढवणं हे सगळं तुमचं, मान्य. पण लोक विचारत येतात ते 'त्या काकूंचे बिबडे'. तुम्हीच तर पाहुण्यांना कौतुकाने सांगता की विप्रो १९४५ साली आपल्या अमळनेरात वनस्पती तुपापासून सुरू झाली. तेव्हा तिचं नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' होतं. नाव बदललं म्हणून कंपनीचं काही बिघडलं का? पाटी तशीही उन्हाने उडाली आहे, रंगवायचीच आहे. मात्र पाटीवर जे लिहाल तेच अक्षर न अक्षर सगळीकडे जाईल. 'अमळनेरचे नंबर एक खानदेशी पापड' असली शेपटी नावाला जोडायची नाही. गुगलच्या नियमात ते बसत नाही, कोणी तक्रार केली तर नोंदच बंद होऊ शकते. काय काय मिळतं ते खाली माहितीत लिहिता येतं: बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड, कुरडया. तिथे मराठीत लिहू आणि इंग्रजी अक्षरांतही लिहू, कारण सुरत-पुण्याकडची पोरं इंग्रजी अक्षरांतच शोधतात.

नाव ठरलं की गुगल खात्री करून घेतं. हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. बाबा, तो तुम्हीच काढायचा. रस्त्यावरून सुरुवात करा, शेजारचं किराणा दुकान दिसू द्या, मग आपली पाटी, मग कुलूप काढून शटर वर करा, आत वजनकाटा, भरलेले डबे, लेबलं, आणि भिंतीवरचं फूड लायसन्स, त्याचा १४ आकडी नंबर वाचता येईल इतकं जवळून. हे सगळं एका दमात, मध्ये बंद करायचं नाही. कुलूप तुमच्या हाताने उघडलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे दुकान तुमचंच आहे हे त्यांना पटतं. आई, तुझा चेहरा त्यात यायची गरज नाही, त्यासाठी जरीचं लुगडं काढू नकोस. गच्चीवर बिबडे वाळत घातलेले असतील त्याचा वेगळा फोटो मात्र पाठव. ओल्या धोतरावर थापलेले, कडेने उचलायला आलेले, तीळ दिसतील असे. तो फोटो वेबसाइटवरच्या माझ्या सगळ्या मजकुराला भारी पडेल.

नकाशावरची खूणही बघावी लागेल. ती आपोआप बसते तेव्हा मागच्या बोळात पडते, आणि मंगळवारी देवाला आलेली माणसं तिथे फिरत बसतील. ती मी बरोबर दुकानाच्या दारावर आणून ठेवते. वेळही खरी द्यायची. मंगळवारी लवकर उघडता तर तसं लिहू. दुपारी जेवायला बंद ठेवता तेही लिहू. जळगावहून माणूस गाडी करून आला आणि शटर खाली, असं व्हायला नको.

जस्टडायलवर नाव गेलं की त्यांच्याकडून पैसेवाल्या पॅकेजसाठी फोन येतील. त्यात वाईट काही नाही, त्यांचा धंदाच तो. या मोसमापुरतं गोड बोलून नाही म्हणा. इंडियामार्टचं तुम्ही विचारलं होतं. तिथे ठोक खरेदीदार असतात, आणि एकाची चौकशी अनेक विकणाऱ्यांपर्यंत पोचते. कोणी क्विंटलभर नागली पापड मागितले तर आईने काय करायचं? अख्खी गच्ची तेवढ्यात जाईल. ते राहू द्या.

आणखी एक. आत्या, मामा, चुलतभाऊ, सगळ्यांना सांगून पाच-पाच चांदण्या द्यायला लावू नका. सवलतीचं आमिष दाखवून लिहून घेणंही नियमात बसत नाही. ज्याने खाल्लं त्याला वाटलं तर तो लिहील. कोणी 'पार्सलात बिबडे तुटके आले' असं लिहिलं तर तुम्ही भांडायला जाऊ नका. मला कळवा, मी दोन ओळींत उत्तर देईन, आणि खोका बदलू. बिबडे तुटतातच, कडक वाळले तरच टिकतात ना.

या सगळ्यासाठी नवीन सिम घ्या आणि ते आईजवळच्या साध्या फोनमध्ये टाका. तोच नंबर पाटीवर, लेबलावर, सगळीकडे. त्यावर "गुगलमधून बोलतोय" असं कोणी सांगितलं आणि पैसे मागितले तर सरळ फोन ठेवा, नकाशावर नाव घालायला गुगल पैसा घेत नाही. आलेला ओटीपी माझ्याशिवाय कोणालाही सांगायचा नाही, तो माणूस कितीही "काका, काका" करू दे.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी येतेच आहे, पण तोवर थांबलो तर यंदाचं गिऱ्हाईक हातचं जाईल. सुरतेच्या ऑर्डरी त्याच्या आधीच येतात. तेव्हा नावाचं काय ते दोघांनी बसून ठरवा आणि या आठवड्यात कळवा. पाटी रंगवायला देण्याआधी, बाबा.

तुमची,
छोटी