काकारेकोला पडलेली मते

महोदय,

निवडणुकीतील गमतीदार उमेदवारांचा विषय निघाला की तो हसण्यावारी नेला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात १९५९ च्या नगरपरिषद निवडणुकीत काकारेको नावाच्या, प्राणिसंग्रहालयातल्या गेंड्याच्या मादीला सुमारे एक लाख मते पडली होती. त्या काळी छापील मतपत्रिका पेटीत टाकण्याची पद्धत असल्याने विद्यार्थ्यांनी तिच्या नावाच्या मतपत्रिका छापून वाटल्या आणि तुंबलेली गटारे, महागाई व भ्रष्टाचार यांना विटलेल्या नागरिकांनी त्या रांगेत उभे राहून पेटीत टाकल्या. ही मते अर्थातच बाद ठरली; पण निषेधाच्या मताला तिथे पुढे ‘काकारेको मत’ असेच म्हणू लागले. रांगेत ताटकळून दिलेले मत थट्टेचे कसे म्हणावे?

आपल्याकडे २०१३ पासून मतदान यंत्रावर शेवटी ‘नोटा’चे बटण आहे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात ‘नोटा’ला दुसऱ्या क्रमांकाची मते मिळाली. अशी मते कोणत्या वस्त्यांतून आणि कशासाठी पडतात, याचा शोध पक्षांनी मतदान केंद्रनिहाय घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक मतदार, पुणे