रविवारी सायकल जोडणी: येण्याआधी एवढं वाचा

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वर्तकनगरच्या नेहमीच्या पार्किंगमध्ये जमायचं आहे. भंगारातून आणलेल्या दोन जुन्या फ्रेमपैकी हिरवी आधी जोडू. काळीच्या चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याला) वाक आहे, ती नंतर बघू.

चाकांचं आधी सांगतो, कारण मागच्या वेळी तिथेच फसलो. या फ्रेम २८ × १½ इंची चाकाच्या, म्हणजे ६३५ मिमी व्यासाच्या रिमच्या. बाजारात सहज मिळणारी ७००सी मापाची रिम ६२२ मिमीची. ती फ्रेममध्ये बसते, पण रिम साडेसहा मिलिमीटर आत जाते आणि ब्रेकचा रबर टायरला घासतो. तेव्हा घरात जुनी रिम पडली असेल तर टेप लावून मोजा, मगच उचलून आणा.

- कॉटर पिनवर (पेडलचा दांडा आसावर घट्ट धरणारी खीळ) आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. थेट हातोडा मारू नका, पिन वाकली की ड्रिलशिवाय निघत नाही.
- डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. दरवेळी कुणीतरी विसरतंच (गेल्या खेपेला मीच).
- बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या आसाच्या बेअरिंगचे) छर्रे एका डबीत मोजून ठेवा. गटारात गेलेले परत येत नाहीत.
- ग्राइंडर १० नंतरच. वरच्या मजल्यावरच्या आजींना शब्द दिलाय.

रंग मात्र खरवडायचा नाही. हेडट्यूबवरची (हँडलखालच्या उभ्या नळीवरची) फिकट सोनेरी रेघ अजून दिसते, ती तशीच राहू द्या.

पान्हे आपापले आणा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा, चहा त्या हिशेबाने सांगेन.