'अल' दिसला की अरबी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्पॅनिशमधल्या अरबी शब्दांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आनंद झाला. पण 'अल'ने (अरबीत नामाआधी लागणारे, इंग्रजी 'द'सारखे उपपद) सुरू होणारा शब्द अरबी, हे लेखातले विधान खटकले. मी स्पॅनिश शिकवते. माझे विद्यार्थीही पहिल्याच महिन्यात हीच खूणगाठ बांधतात आणि फसतात. 'आल्मा' (आत्मा), 'आल्मेंद्रा' (बदाम), 'आल्मुएर्सो' (दुपारचे जेवण) हे तिन्ही लॅटिनच्या घरचे.

उलट अस्सल अरबी शब्दांत हा 'ल' पुष्कळदा दिसतच नाही. अरबीत स, र, द यांसारख्या वर्णांपूर्वी 'अल'मधला 'ल' पुढच्या वर्णात मिसळून जातो. 'अल-सुक्कर'चा उच्चार होतो 'अस्सुक्कर'. त्यावरून स्पॅनिश 'आसूकार', म्हणजे साखर. (सुक्करच्या मागे फारसी शकर आणि तिच्या मागे आपली शर्करा, हेही लेखात यायला हवे होते.) 'अद्दीवान'चे 'आदुआना' झाले, अर्थ सीमाशुल्काची कचेरी. आपल्याकडे हाच शब्द फारसीतून 'दिवाण' होऊन आला आणि पुढे बैठकीच्या खोलीत जाऊन बसला.

इटालियनने हेच शब्द 'अल'शिवाय घेतले: 'त्सुक्केरो' (साखर), 'कोतोने' (कापूस). स्पॅनिशमध्ये मात्र 'आसूकार', 'आल्गोदोन'. इबेरियात (आजचे स्पेन-पोर्तुगाल) इ.स. 711 पासून 1492 पर्यंत कुठे ना कुठे अरबी भाषकांचे राज्य होते. शेजाऱ्याच्या तोंडून जसे ऐकू आले तसे शब्द उचलले गेले. 1567मध्ये ग्रानाडातल्या मोरिस्कोंना (सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांना) अरबी बोलण्या-लिहिण्याची बंदी झाली, 1609पासून त्यांना देशाबाहेर घालवले, पण स्वयंपाकघरातले शब्द कोण हद्दपार करणार? ऑलिव्हच्या झाडाला स्पॅनिश लोक लॅटिन वळणाचे 'ओलिवो' म्हणतात, त्याच्या फळाला 'आसेइतूना' आणि तेलाला 'आसेइते'. फळ आणि तेल दोन्ही अरबी!

आणखी एक शब्द लेखातून निसटला. 'अमका-फलाणा' म्हणताना आपण जो फलाणा वापरतो, तो अरबी 'फुलान'. स्पॅनिशमध्ये त्याचा 'फुलानो' झाला, अर्थ तोच. त्याच्या आधी 'अल' अरबीतसुद्धा नव्हता.

आपली,
एक वाचक, पुणे