मागाचे बाक करून देणाऱ्या वेल्डिंगवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

पत्र तुमच्या नावचं, पण चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय. जुन्या यंत्रमागांच्या फ्रेमांपासून केलेल्या बागेतल्या रंगीत बाकांचं कौतुक होतं ते रंगवणाऱ्या पोरांचं. व्हायलाच हवं. पण बाक उभे राहिले ते तुमच्या वर्कशॉपात, हे कुणाला ठाऊकच नाही.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग लावला. तेव्हापासून या गावाला खडखडाटाशिवाय झोप येत नाही. आता रेपिअर, एअरजेट असे बिनधोट्याचे नवे माग आले आणि धोट्याचे साधे माग किलोवर जायला लागले. आमच्या शेडमधलेही निघालेच होते. भंगारवाला बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या फ्रेमा घणानं फोडतो, म्हणजे टेम्पोत जास्त मावतात. तुम्ही त्या आधीच बाजूला काढून ठेवायला लावल्यात.

आम्हाला वाटलं, चार ठिकाणी वेल्डिंग मारलं की झालं बाक. तुम्ही वेल्डिंगवाले असून नको म्हणालात! बीड नीट तापवून सावकाश निववलं नाही तर सांध्याशेजारी तडकतं, आणि वर माणूस बसलेला असताना तडकलं तर? म्हणून मागाची मूळ भोकंच वापरलीत. दोन साइड फ्रेमांमध्ये अँगल, त्यावर बाभळीच्या फळ्या, सगळं नटबोल्टवर. फळ्यांमध्ये फट ठेवलीत, पावसाचं पाणी निथळायला. बसायला पत्रा का नाही, हे एप्रिलच्या दुपारी आपोआप कळतं.

रंगाचं काम त्याहून किचकट. वर्षानुवर्षांचं तेल आणि त्यात घट्ट बसलेली कापसाची पिंज. रॉकेल, तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड. वरून रंग काय, कुणीही देईल. (पोरांनी रागावू नये.) फ्रेमवरची ओतीव अक्षरं पुट्टीनं बुजवायला निघाले होते, तेव्हा तुम्ही जे चिडलात! आता तीच अक्षरं पिवळ्या रंगात उठून दिसतात. बाकी फ्रेमवर लुगड्याच्या काठासारख्या चौकडी आहेत. एक दातेरी चाक तुम्ही जागेवर राहू दिलंत, पण जाम करून. ते फिरत नाही म्हणून पोरं हिरमुसतात. त्यांची बोटं मात्र शाबूत राहतात.

पूर्वी आमच्याकडे धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी संध्याकाळी तिथं बसतात. त्यातल्या एकीनं फ्रेम हातानं चाचपून माग कुठल्या बाजूचा होता ते बरोब्बर सांगितलं, डावीकडचा की उजवीकडचा. हे तुम्हाला कळवायचंच होतं. फ्रेमा फुटल्या असत्या तर तिनं काय ओळखलं असतं?

मजुरी घेतली नाहीत, त्यावर वाद घालत नाही. पण बोल्ट, वायसर आणि अँगल तुम्ही पदरचे घातलेत, त्यांचा हिशेब अजून दिलेला नाही. तेवढा द्या. शिवाय मागच्या गल्लीत आणखी दोन माग निघतायत. भंगारवाल्याच्या आधी तुम्ही येऊन बघाल का?

तुमचा,
शेडवाल्यांचा धाकटा