दादा, रात्री अकराच्या त्या फोनबद्दल

प्रिय दादा,

हे असं चारचौघांत लिहिलेलं तुम्हाला रुचणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहितोय.

बेळगावच्या उद्यमबागेत सात वर्षं सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर) मशीन लावून देणारा सेटर होतो आणि लिंक्डइनवर नावाखाली एवढंच: 'नोकरीच्या शोधात'. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ चहा पिताना तुम्ही ते वाचलंत. "शोधात तर अख्खं बेळगाव आहे की रे. तुला काय येतंय ते लिही की."

मला काय येतंय? बराच विचार केल्यावर तो पातळ भिंतीचा बुश आठवला, नळीच्या तुकड्यासारखा जॉब. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, असताना बोअर (आतलं भोक) गोल, पकडीचे तीन जॉ, म्हणजे जबडे, सैल केले की तिकोनी. व्हर्नियर कुठूनही लावा, माप तेच. तीन फुगवट्यांचा बोअर दोन टोकांच्या मापात सापडतच नाही. तीन टोकांचं गेज लावलं तेव्हा चोर सापडला. सॉफ्ट जॉ, म्हणजे मऊ जबडे, जॉबच्या मापाला कोरून घेतले, फिनिशला चकचं प्रेशर उतरवलं, रिजेक्शन थांबलं.

"पहिल्या दोन ओळींतच दुखणं सांग, फोनवर तेवढंच दिसतं," म्हणालात. मराठीत लिही, खाली मोडकंतोडकं इंग्रजी चालेल. लांबण ब्लॉगवर ठेव. इथली पोस्ट चार दिवसांत वाहून जाते, ब्लॉग गुगलवर सापडतो.

पोस्ट टाकली आणि रात्री अकराला तुमचा फोन. फोटोत जॉबच्या मागे गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबरासकट! "आधी काढ, मग बोलू." नवी नोकरी राहिली बाजूला, होती तीही गेली असती. दुसऱ्या दिवशी मालकांना विचारून भंगारातल्या तुकड्याचा फोटो टाकला.

लाइक आले चौदा, त्यातले निम्मे पाव्हण्यांचे. पण कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एकाने विचारलं, प्रेशर किती ठेवलं? तिथून बोलणं वाढलं. मुलाखतीत सर्टिफिकेटांच्या आधी त्यांनी तीच पोस्ट उघडली. आता तिथंच प्रोसेसचं काम बघतो. पगाराचा आकडा इथं सांगत नाही, आई वाचते.

सध्या एका पितळी बुशच्या बोअरला रेघा उठताहेत. इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिकली, बदलून झाला, स्पीडही. रविवारी गावी येतोय, जॉब पिशवीत घेऊन. तिसऱ्या गेटला असाल ना? चहा माझ्याकडून.

तुमचा,
सेटर